गाणं घरचं, कोठार परक्याचं

लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकानं 1940च्या दशकात हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजात ध्वनिमुद्रणाचं दुकान थाटलं. तबकडी कोरणारं यंत्र त्यानं स्वतःच जुळवलं होतं आणि त्यात कॅडिलॅक मोटारीचं फ्लायव्हील बसवलं होतं. ते चाक जड आणि अचूक तोलाचं. एकदा फिरायला लागलं की त्याचा वेग हलत नाही, आणि तबकडीचा वेग हलला नाही तरच सूर जागेवर राहतो. या यंत्रावर पॉल आधी गिटारचा एक भाग मुद्रित करून घ्यायचा. मग ती तबकडी लावायची, तिच्या जोडीनं दुसरा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर कोरायचं. मग तिसरा, मग चौथा. दर फेरीला आधीच्या आवाजाची धार थोडी बोथट व्हायची, म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य सुरावट शेवटी, असा त्याचा क्रम असे. 1948 साली कॅपिटॉल कंपनीनं काढलेल्या त्याच्या ‘लव्हर’ या तबकडीत आठ गिटार ऐकू येतात. वाजवणारा माणूस एक.

घरात बसून, एकट्यानं, थरावर थर चढवत गाणं मुद्रित करण्याचा इतिहास या गॅरेजपासून सुरू करायला हरकत नाही. आज पुण्यातल्या किंवा फोंड्यातल्या एखाद्या मुलीच्या लॅपटॉपवरचं फुकट सॉफ्टवेअर जे करतं, ते मुळात हेच: आधीचं ऐकत पुढचं वाजवणं. मधल्या पाऊणशे वर्षांत यंत्रं स्वस्त झाली, मग लहान झाली, शेवटी यंत्र म्हणून उरलीच नाहीत. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ती खरीच आहे. पण तिच्या शेजारून आणखी एक गोष्ट चालत आलेली आहे, तिच्याकडे लक्ष कमी जातं. मुद्रण कलाकाराच्या हातात आलं, पण मुद्रित झालेलं गाणं ठेवायची जागा बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच मालकीची राहिली.

टेप आली ती जर्मनीतून. एईजी कंपनीचं मॅग्नेटोफोन हे यंत्र 1935 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडलं गेलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकन लष्करातल्या अभियंत्यानं तशी दोन यंत्रं सुटी करून मायदेशी पाठवली आणि 1946 साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं प्रात्यक्षिक केलं. गायक बिंग क्रॉस्बीला रेडिओवर थेट गाणं जाचक वाटायचं, त्याला कार्यक्रम आधी मुद्रित करून ठेवायचे होते. त्यानं अँपेक्स नावाच्या छोट्या कंपनीत 50 हजार डॉलर घातले आणि अमेरिकेत टेपचं युग सुरू झालं. अँपेक्सचं एक यंत्र क्रॉस्बीनं लेस पॉलला भेट दिलं.

पॉलनं त्यात एक जादा हेड बसवलं. टेप आधी या हेडवरून जायची, तिथे जुना आवाज वाचला जायचा. पुढे तो पुसला जायचा. आणि त्यापुढे जुना नि नवा आवाज एकत्र होऊन त्याच टेपवर पुन्हा उमटायचा. तबकड्यांचा ढीग गेला, पण धोका वाढला. आठव्या थराला बोट चुकलं तर आधीचे सात थरही गेले, कारण ते त्या टेपवरून पुसले गेलेले असायचे. पॉल आणि त्याची बायको, गायिका मेरी फोर्ड, दोघं अशा मुद्रणाला बसायची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या त्यांच्या घरी मुद्रित झालेलं ‘हाऊ हाय द मून’ 1951 साली अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

पॉल हा अपवाद होता. नावाजलेला कलाकार, हातात कसब, खिशात पैसा. बाकीच्यांसाठी स्टुडिओ ही तासाच्या भाड्यानं मिळणारी जागा होती आणि ते भाडं रेकॉर्ड कंपनी भरत असे. कंपनी पैसे भरते म्हणून मूळ टेप, म्हणजे ‘मास्टर’, तिच्या कपाटात. गाण्याचं पुढे काय करायचं, पुन्हा छापायचं की विसरून जायचं, हे कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो ठरवणार. विसाव्या शतकातले रेकॉर्ड कंपनी आणि कलाकार यांच्यातले पुष्कळ खटके याच किल्लीवरून उडालेले आहेत.

हे चित्र बदलायला 1970चं दशक उजाडलं. जपानच्या टिॲक कंपनीनं 1972च्या सुमारास ए-3340 हे चार ट्रॅकचं स्पूल यंत्र घरगुती बाजारात आणलं. आता एका ट्रॅकवर मुद्रण करताना शेजारचे ट्रॅक त्याच क्षणी, ताल न चुकता ऐकता येत होते आणि जुनं काही पुसलं जात नव्हतं. तरी स्पूल यंत्र जड होतं, टेप महाग होती, आणि मिक्सर वेगळा घ्यावा लागत होता. खरी उलथापालथ केली ती याच कंपनीच्या टॅस्कॅम विभागानं, 1979 साली. पोर्टास्टुडिओ 144 हे त्या यंत्राचं नाव.

पोर्टास्टुडिओतली युक्ती साधी होती. फिलिप्स कंपनीनं 1963 साली बाजारात आणलेली कॅसेट तोवर जगभर पोचली होती. स्टिरिओ कॅसेटवर चार अरुंद पट्ट्या असतात: दोन एका बाजूच्या, दोन उलट्या बाजूच्या. टॅस्कॅमच्या अभियंत्यांनी चारही पट्ट्या एकाच दिशेनं वापरल्या आणि टेपचा वेग दुप्पट केला. वेग वाढला की आवाजाचा दर्जा सुधारतो. अर्थात तासाभराच्या कॅसेटवर जेमतेम 15 मिनिटं मावायची आणि कॅसेट उलटून लावली तर गाणं उलटं वाजायचं. मिक्सर त्याच पेटीत बसवलेला होता. किंमत 1,200 डॉलरच्या आत. चार ट्रॅक पुरले नाहीत तर तीन भरायचे, ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे, आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. एकदा मिसळलं की ढोलाचा आवाज नंतर कमी-जास्त करायची सोय नाही. त्यामुळे या यंत्रावर शिकलेली माणसं निर्णय लवकर घ्यायला शिकली. अमर्याद ट्रॅकच्या आजच्या काळात ही शिस्त हरवली आहे.

ब्रूस स्प्रिंगस्टीन 1982 साली न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावी भाड्याच्या घरात राहत होता. नव्या गाण्यांचे कच्चे नमुने वाद्यवृंदाला ऐकवता यावेत म्हणून त्यानं आपल्या गिटार तंत्रज्ञाकडून एक पोर्टास्टुडिओ मागवून घेतला. श्युअर कंपनीचे दोन एसएम57 मायक्रोफोन, एक गिटार, एक माउथ ऑर्गन आणि झोपायची खोली. बहुतेक गाणी 3 जानेवारी या एका दिवसात झाली. चार ट्रॅकचं मिश्रण त्यानं पॅनासॉनिकच्या साध्या कॅसेट प्लेयरवर उतरवलं आणि ती कॅसेट खोक्याशिवाय खिशात घालून तो कितीतरी दिवस हिंडला.

पुढे स्टुडिओत वाद्यवृंदाबरोबर तीच गाणी करून पाहिली, पण जमेना. आवाज स्वच्छ आला आणि गाणं गेलं. शेवटी ठरलं की खिशातली कॅसेटच छापायची. हे बोलायला सोपं होतं. कॅसेटवरचा आवाज इतका क्षीण आणि मळका होता की त्यावरून तबकडी कोरणं एकामागून एक तज्ज्ञांना साधेना, आणि हे काम पार पाडायला बरेच उंबरठे झिजवावे लागले. सप्टेंबर 1982मध्ये ‘नेब्रास्का’ हा अल्बम बाजारात आला. घरच्या मुद्रणाबद्दल बोलताना त्याचं नाव आजही पहिलं निघतं, कारण त्यानं नव्या पिढीच्या मनातला एक अडसर दूर केला: खोलीतला आवाज, टेपचा खरखराट, खुर्चीचा करकर आवाज हे सगळं पोटात घेऊनही गाणं श्रोत्यापर्यंत पोचू शकतं. मात्र मास्टर गेली ती कोलंबिया कंपनीकडेच.

भारतात त्याच काळात कॅसेटनं वेगळीच क्रांती केली. आखातात नोकरीला गेलेले लोक सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन येत, आणि कोऱ्या कॅसेटी गल्लीगल्लीत मिळू लागल्या होत्या. तोवर तबकड्यांच्या धंद्यावर एचएमव्हीची जवळजवळ एकहाती सत्ता होती. कॅसेट छापायला मोठा कारखाना लागत नव्हता, त्यामुळे शेकडो छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. संगीताचे अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी 1993 सालच्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात ही उलथापालथ बारकाईनं टिपली आहे. मुंबईच्या स्टुडिओत ज्या गाण्यांना कुणी दारात उभं केलं नसतं, ती भीमगीतं, कोळीगीतं, भारुडं, पोवाडे कॅसेटवर आले. आनंद शिंदे यांच्यासारखा गायक महाराष्ट्रात घरोघरी पोचला तो याच कॅसेटमधून. गोव्यात तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातली कांतारां, म्हणजे गाणी, कॅसेटवर येऊन मुंबईतल्या आणि आखातातल्या गोवेकरांपर्यंत गेली.

पण आपल्याकडे कॅसेट आली ती वितरणाचं साधन म्हणून. चार ट्रॅकचा पोर्टास्टुडिओ इथल्या गायकाच्या घरात आला नाही. मुद्रण छोट्या स्टुडिओत, एका बैठकीत, पेटी, ढोलकी आणि कोरस समोर बसवून व्हायचं. गायकाला बहुतेक वेळा एकरकमी मानधन मिळायचं आणि हिशेब तिथेच संपायचा. कॅसेट लाखांनी खपली तरी गायकाच्या हाती पुढे काही लागत नसे. कंपनी बंद पडली की मास्टर कुठल्या गोदामात गेली, याचा पत्ता गायकालाही नसायचा. त्या काळातली कितीतरी गाणी आज फक्त रसिकांनी जपलेल्या घासलेल्या कॅसेटींवरून उतरवलेल्या प्रतींत उरली आहेत. 2012 सालच्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायमचा विकून टाकता येणार नाही अशी तरतूद केली. ती मोलाची आहे, पण कॅसेटच्या पिढीसाठी ती तीस वर्षं उशिरा आली.

पाश्चात्त्य देशांत मात्र गाडी पुढे निघाली होती, आणि तिला ढकलणारी गोष्ट कुठल्या यंत्राहून अधिक एक करार होता. 1980च्या सुमारास प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर आपापल्या भाषेत बोलायचा. रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचा डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन सगळ्यांसाठी एक संकेतप्रणाली ठरवली. जानेवारी 1983मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात रोलँडचा ज्युपिटर-6 आणि सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 एका पाच पिनांच्या केबलनं जोडले गेले. एकावरची पट्टी दाबली की दुसरा वाजू लागला. ही मिडी. तिच्या वापरावर परवाना शुल्क ठेवायचं नाही, असं ठरलं. स्पर्धक कंपन्यांनी एकत्र येऊन आपली भाषा जगाला फुकट देऊन टाकली, हे त्या धंद्यात तोवर घडलं नव्हतं.

मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही. जाते ती सूचना: कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली. पट्ट्या 128, जोराच्या पायऱ्याही तेवढ्याच. ही रचना पियानो डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे, हे मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येईल. मींड, आंदोलन, एका स्वरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणं मिडीत बसवायला वेगळी खटपट करावी लागते, आणि संगणकावर वाजवलेल्या सतारीचे सूर कानाला तुटक वाटतात ते यामुळेच. तरी मिडीनं घरच्या मुद्रणाला जे दिलं ते मोठं आहे. 1985 साली आलेल्या अटारी एसटी या संगणकात मिडीची खाच मुळातच होती. जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीचा क्यूबेस हा कार्यक्रम 1989 साली त्यावरच सुरू झाला.

याच सुमारास युरोपातल्या तरुण पोरांनी आणखी एक वाट शोधली. 1987 साली कार्स्टन ओबार्स्कीनं अमिगा संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ लिहिला. त्यात तयार होणाऱ्या मॉड फाइलमध्ये गाण्याचे आवाजही असत आणि स्वरलेखनही. फाइल उघडली की समोरच्यानं कुठे काय वाजवलं, कोणता ढोल किती वेळा वापरला, सगळं उघड दिसायचं. पोरं या फाइली फ्लॉपीवर घालून पोस्टानं एकमेकांना पाठवत. 1996पासून मॉड आर्काइव्ह या संकेतस्थळावर त्या साठवल्या जात आहेत आणि अजूनही फुकट उतरवून घेता येतात. हा ठेवा निव्वळ ऐकण्यापुरता नाही, शिकण्यासाठीही आहे. गुरूच्या समोर बसून तानेची फोड ऐकावी तशी एखाद्या अनोळखी मुलाच्या गाण्याची फोड इथे वाचता येते. स्कॉटिश संगीतकार कॅल्विन हॅरिसनं आपला 2007 सालचा पहिला अल्बम अमिगावरच्या ट्रॅकरवर केला होता.

1992 साली अलेसिस कंपनीनं आणलेल्या एडॅट या मुद्रणयंत्राची किंमत 4 हजार डॉलरच्या आसपास होती. व्हिडिओ कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक. ॲलॅनिस मॉरिसेटचा ‘जॅगेड लिटल पिल’ हा 1995 सालचा अल्बम ग्लेन बॅलर्डच्या घरच्या स्टुडिओत एडॅटवर आकाराला आला. ज्या दिवशी गाणं सुचलं त्याच दिवशी नमुना म्हणून गायलेला आवाज पुष्कळ गाण्यांत तसाच ठेवला गेला आहे. एडॅटचा काळ मात्र थोडक्यात आटोपला, कारण संगणक आता स्वतःच आवाज मुद्रित करू लागला होता. 1996 साली स्टाइनबर्गनं व्हीएसटी ही सोय आणली. रिव्हर्ब, कंप्रेसर अशी उपकरणं मूळ कार्यक्रमात बाहेरून जोडण्याची ती पद्धत. तिचा आराखडाही कंपनीनं इतरांना मोकळेपणानं दिला. त्यानंतर हौशी प्रोग्रामरांनी हजारो उपकरणं लिहिली आणि त्यातली पुष्कळ फुकट वाटली.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग यांनी 1999 साली आवाजाच्या विश्लेषणासाठी एक कार्यक्रम लिहायला घेतला. मे 2000मध्ये तो ऑडॅसिटी या नावानं खुला झाला: फुकट, आणि मूळ संहितेसकट. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा, आकाशवाणीसाठी रूपकं बनवणारे हौशी लोक, कीर्तनाच्या सीडी काढणारे भाविक यांनी पहिलं कापणं-जोडणं केलं ते याच करड्या खिडकीत. पट्टी निवडायची, डिलीट दाबायचं, खोकला गेला. निवडलेल्या शांततेचा नमुना घेऊन पंख्याची घरघर कमी करणारी त्याची सोय आजही लोकप्रिय आहे. ती प्रमाणाबाहेर वापरली की गायकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, हेही सगळ्यांनी एकदा तरी करून पाहिलेलं असतं.

साधनांपाठोपाठ कच्चा मालही मोकळा झाला. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत-तंत्रज्ञान विभागानं 2005 साली फ्रीसाउंड हे संकेतस्थळ सुरू केलं. पावसाचा, दाराच्या बिजागरीचा, रेल्वे फलाटावरच्या गर्दीचा, एकाच तबल्याच्या एकाच बोलाचा, असे लाखो आवाज लोकांनी तिथे आणून ठेवले आहेत. प्रत्येकावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. काही आवाज कसेही वापरा; काही वापरा, पण मुद्रण करणाऱ्याचं नाव द्या; आणि काही विकायच्या कामात वापरू नका. वापरण्याआधी ही एक ओळ वाचायला दहा सेकंद लागतात, आणि न वाचल्यामुळे पुढे गाणं मागे घ्यावं लागू शकतं.

याच विभागातल्या शाविएर सेरा यांच्या पुढाकारानं 2011 ते 2017 या काळात कॉम्पम्युझिक हा प्रकल्प चालला. संगणकाची संगीताची समज पाश्चात्त्य संगीतावरच पोसलेली आहे, ती रुंदावायची तर हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम अशा परंपरांचं मुद्रण नीट माहितीसह जमवायला हवं, ही त्यामागची भूमिका. मुंबईची आयआयटी त्यात सहभागी होती. त्यातून तयार झालेला ‘सरगा’ हा संग्रह कुणालाही अभ्यासासाठी उपलब्ध आहे. राग, ताल, लय यांच्या नोंदी त्यात आहेत, आणि कर्नाटक संगीताच्या अनेक मैफलींत गळा, व्हायोलिन, मृदंगम् यांचे ट्रॅक वेगवेगळे ऐकता येतात. घरी मैफल मुद्रित करू पाहणाऱ्या तरुणानं मिक्सिंगचा हात बसवायला असं साहित्य पूर्वी कुठून आणलं असतं?

शिकण्याचीही दारं उघडली. 1985 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘साउंड ऑन साउंड’ या मासिकानं लेस पॉलच्याच तंत्राचं नाव धारण केलं आहे, आणि त्याचे जुने लेख संकेतस्थळावर मोकळे आहेत. त्यातल्या एका लेखमालेत संपादक मंडळी वाचकांच्या घरी जाऊन त्यांच्या खोलीचा आवाज सुधारून देत. उपाय बरेचदा एकच असे: गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूंना जाड रजया टांगा. उघड्या भिंतींवरून परत येणारा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, तो रजई गिळते. महाग मायक्रोफोन घेण्याआधी हे करावं, हा त्यांचा सल्ला आपल्याकडच्या सिमेंट-फरशीच्या खोल्यांना तर जास्तच लागू आहे. अमेरिकेत लॅरी क्रेननं 1996 साली सुरू केलेलं ‘टेप ऑप’ हे मासिक नाव नोंदवणाऱ्याला फुकट मिळतं आणि छोट्या स्टुडिओंतल्या माणसांच्या दीर्घ मुलाखती छापतं.

थोडक्यात, करण्याची बाजू फळाला आली. लॉस एंजेलिसमधल्या झोपायच्या खोलीत भावानं मुद्रित केलेल्या बिली आयलिशच्या पहिल्या अल्बमला जानेवारी 2020मध्ये ग्रॅमीचा सर्वोत्तम अल्बमचा सन्मान मिळाला, तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

ठेवण्याची बाजू मात्र दर काही वर्षांनी कोसळत आली आहे.

1993 साली सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेफ पॅटरसन, रॉब लॉर्ड आणि जॉन लुइनी यांनी इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह सुरू केलं. पॅटरसनच्या बँडची गाणी कुणी ऐकत नव्हतं, ती जगापुढे ठेवावीत एवढाच मूळ हेतू. कंपनीशी करार नसलेल्या कुठल्याही बँडला तिथे जागा मिळू लागली. एक गाणं उतरवायला त्या काळच्या मोडेमवर तास मोडायचा, तरी लोक उतरवत. पुढे ते संकेतस्थळ विकलं गेलं, पुन्हा विकलं गेलं आणि 2006 साली बंद झालं. त्यातल्या सुमारे 25 हजार कलाकारांची गाणी कुणीतरी आधीच उतरवून ठेवली होती म्हणून 2012 साली इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या मोफत डिजिटल संग्रहात पुन्हा दिसू लागली.

मायकेल रॉबर्टसनच्या एमपीथ्री डॉट कॉमनं 1997पासून स्वतंत्र कलाकारांना जागा दिली. 1999 साली कंपनी शेअर बाजारात आली. 2000 साली श्रोत्यांच्या सीडींच्या प्रती सर्व्हरवर ठेवण्याच्या तिच्या एका सेवेवरून बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी खटले भरले. 2001मध्ये विवेंडी युनिव्हर्सलनं ती विकत घेतली, 2003मध्ये नाव दुसऱ्याला विकलं आणि डिसेंबरात कलाकारांच्या गाण्यांचा सगळा साठा पुसून टाकला. खटला ज्या सेवेवर झाला तिच्याशी या कलाकारांचा संबंध नव्हता. त्यांनी आपली गाणी आपल्या हातानं चढवली होती.

सगळ्यांत मोठा घाव मायस्पेसचा. 2003 साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर काही वर्षं जगातले नवे बँड आधी दिसायचे. मार्च 2019मध्ये उघड झालं की सर्व्हर बदलताना 2015पूर्वी चढवलेलं संगीत नष्ट झालं आहे. अंदाज होता 5 कोटी गाण्यांचा आणि 1 कोटी 40 लाख कलाकारांचा. एका अनाम अभ्यासगटानं संशोधनासाठी 2008 ते 2010 या काळातली 4 लाख 90 हजार गाणी उतरवून घेतली होती. त्यांनी ती इंटरनेट आर्काइव्हला दिली. तेवढी वाचली, म्हणजे शंभरातलं एकसुद्धा नाही. त्यातल्या पुष्कळ कलाकारांकडे दुसरी प्रत नव्हती. संगणक बदलले होते, हार्डडिस्क गेल्या होत्या, आणि ‘मायस्पेसवर आहेच’ या भरवशावर कुणी त्याची फिकीर केली नव्हती.

2008च्या सुमारास सुरू झालेलं बँडकँप हे संकेतस्थळ या सगळ्यांत कलाकाराला जास्त मानवलं. डिजिटल विक्रीतला 15 टक्के वाटा कंपनीचा, बाकीचा बहुतेक कलाकाराचा, आणि विकत घेणाऱ्याला विनासंपीडन फाइल मिळते. कोविडच्या साथीच्या काळात 20 मार्च 2020 रोजी कंपनीनं एका दिवसासाठी आपला वाटा सोडला आणि श्रोत्यांनी त्या दिवशी 43 लाख डॉलरची खरेदी केली. 2022 साली ते एपिक गेम्सनं घेतलं, 2023 साली साँगट्रेडरकडे गेलं आणि निम्म्या कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला. स्पॉटिफायनं 2024पासून वर्षभरात 1,000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टी देणं थांबवलं. कोकणातल्या एखाद्या दशावतारी कलाकारानं नातवाच्या मदतीनं चढवलेली चार पदं या रेषेखाली राहण्याचीच शक्यता अधिक.

इंटरनेट आर्काइव्हवर आजही कुणालाही आपलं गाणं मूळ दर्जात, फुकट ठेवता येतं. पण जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या डिजिटल करण्याच्या कामावरून ऑगस्ट 2023मध्ये युनिव्हर्सल, सोनी आदी कंपन्यांनी त्याच संस्थेवर खटला भरला, तेव्हा तेही कोठार किती नाजूक आहे हे कळलं.

म्हणून जाणते लोक मूळ गाणं तीन ठिकाणी ठेवतात: दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि तिसरी प्रत घराबाहेर, बहिणीकडे किंवा मित्राकडे. नुसतं तयार मिश्रण पुरत नाही, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं केलं त्याची प्रोजेक्ट फाइल दहा वर्षांनी उघडेल याचीही खात्री नसते. त्यामुळे गळा, तबला, पेटी, तानपुरा असा प्रत्येक ट्रॅक वेगळा, विनासंपीडन डब्ल्यूएव्ही रूपात काढायचा. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासूनच सुरू करायचे, गळा दोन मिनिटांनी येत असला तरी आधीची दोन मिनिटं शांतता ठेवून, म्हणजे पुढे कुठल्याही कार्यक्रमात एकाखाली एक टाकले की आपोआप जुळतात. फाइलच्या नावात राग, ताल, लय, सफेद चार की काळी एक, आणि तारीख. सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कोण गायलं, साथीला कोण होतं, शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि कुणाला किती वाटा द्यायचा ठरला, एवढं लिहून ठेवायचं. कॅसेटच्या काळात हा शेवटचा कागद कंपनीकडे असायचा, आणि गायकाकडे त्याची प्रत नसायची.